परीक्षक कोण?

१९३५ साली सिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीने एका बावीस वर्षांच्या मुलीला बक्षीस जाहीर केलं आणि तिने ते परत केलं. मुलगी पॅरिसला शिकून नुकतीच घरी आलेली होती. तिने प्रदर्शनाला पाठवलेल्या चित्रांपैकी काही सोसायटीने घेतली, काही माघारी पाठवली. आणि तिच्या मते माघारी आलेलीच जास्त चांगली होती. हे बक्षीस सोसायटीच्या साच्यात बसणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी द्यावं, असं तिने कळवून टाकलं. सिमल्याच्या साहेबी वर्तुळात तेव्हा हा चांगलाच आगाऊपणा ठरला असणार. मुलीचं नाव अमृता शेर-गिल. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलं, आणि ते मात्र तिने आनंदाने घेतलं.

भारतातल्या कलापुरस्कारांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथून करावी. कारण त्यात शेर-गिलने नकळत विचारलेला प्रश्न पुढे सत्तर-ऐंशी वर्षं पुन्हापुन्हा येत राहिला. बक्षिसाची रक्कम किती, पदक सोन्याचं की मुलाम्याचं, हे मुद्दे दुय्यम होते. खरा मुद्दा होता, परीक्षक कोण? स्वातंत्र्यानंतर देशाने स्वतःची ललित कला अकादमी उभारली तेव्हाही भांडणं झाली ती याच एका गोष्टीवरून.

स्वातंत्र्याआधी चित्रकाराला मान मिळवून देण्याचं काम शहरोशहरींच्या सोसायट्या करत. त्यात मुंबईची सोसायटी १८८८ ची. सुरुवातीला तिच्यात हौशी इंग्रज अधिकाऱ्यांचा भरणा होता. वार्षिक प्रदर्शन, पदकं, गव्हर्नरच्या हस्ते उद्घाटन असा सगळा थाट. पण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडणाऱ्या पोरांना तिच्याखेरीज दुसरा दरवाजाही नव्हता. सोसायटीचं पदक मिळालं की संस्थानिकाकडून, शेठजीकडून व्यक्तिचित्राचं काम येई. पदक म्हणजे पोटापाण्याची सनद होती.

राष्ट्रीय पातळीवरच्या बक्षिसाचं स्वप्न पहिल्यांदा पडलं तेही मुंबईत, आणि पडलं एका ब्रिटिश माणसाला. कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ च्या सुमारास जे. जे. चे मुख्याध्यापक म्हणून आले. त्यांनी शाळेत जिवंत मॉडेलवरून रेखाटनावर भर दिला आणि भित्तिचित्रांचा वर्ग काढला. तेव्हा रायसीना टेकडीवर नवी राजधानी उभी राहत होती. एवढ्या प्रचंड भिंती आणि छतं रंगवायची तर ती भारतीय चित्रकारांनी का रंगवू नयेत, असा सॉलोमन यांचा सवाल होता. त्यातून निघाली ‘प्री द दिल्ली’ची कल्पना. दिल्लीत एक मध्यवर्ती कलासंस्था काढायची, देशभरातून स्पर्धेने विद्यार्थी निवडायचे, त्यांना शिष्यवृत्ती द्यायची आणि त्यांच्याकडून राजधानी सजवून घ्यायची.

नाव अर्थातच फ्रान्सच्या ‘प्री द रोम’वरून उचललेलं होतं. चौदाव्या लुईच्या राजवटीत, १६६३ पासून, फ्रेंच अकादमी तरुण चित्रकारांची कडक परीक्षा घेई आणि जिंकणाऱ्याला सरकारी खर्चाने रोमला पाठवी. ही परीक्षा कशी जिवावर बेतायची याचं उदाहरण म्हणजे झाक-लुई दाव्हिद. तीन वर्षं तो अपयशी ठरला. १७७२ च्या निकालानंतर तर त्याने खोलीत कोंडून घेऊन उपास करून मरायची तयारी केली होती. चौथ्या खेपेला, १७७४ साली, त्याला ते बक्षीस मिळालं. पुढे राज्यक्रांतीत हाच दाव्हिद अकादमीच्या मुळावर उठला आणि १७९३ साली त्याने ती बंद पाडवली. बक्षीस मिळूनही परीक्षकांवरचा राग काही गेला नव्हता.

सॉलोमन यांच्या योजनेमागे बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांसारखे पुढारी उभे राहिले. १९२४ च्या वेम्ब्ली प्रदर्शनासाठी जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी एक अख्खी भारतीय खोली रंगवून, कोरून लंडनला पाठवली. एवढं करूनही ‘प्री द दिल्ली’ काही प्रत्यक्षात आलं नाही. सरकारने मधला मार्ग काढला. संस्था नाही, पण काम घ्या. १९२८-२९ च्या सुमारास मुंबईच्या चित्रकारांनी दिल्लीच्या सचिवालयात, आज ज्याला नॉर्थ ब्लॉक म्हणतात तिथे, छतं आणि भिंती रंगवल्या. महादेव विश्वनाथ धुरंधरांकडे कायदा सदस्याच्या दालनाचं काम आलं. चित्रकार फैझी-रहमीन यांनी सॉलोमन यांच्या चमूपासून फटकून राहून स्वतंत्रपणे घुमट रंगवले.

बंगालला हे रुचणं शक्यच नव्हतं. अवनींद्रनाथ ठाकूर आणि त्यांच्या शिष्यांनी भारतीय चित्रकलेचं पुनरुज्जीवन केलं अशी कलकत्त्याची ठाम समजूत, आणि त्यांच्या लेखी मुंबई म्हणजे विलायती अकादमीची नक्कल. मुंबईला बंगालची चित्रं धुक्यात हरवलेली, हाडं नसलेली वाटत. पुढचा डाव बंगालने जिंकला. लंडनला ‘इंडिया हाउस’ची नवी इमारत १९३० मध्ये खुली झाली. तिच्या भिंती रंगवायला चार चित्रकार निवडले गेले: सुधांशु चौधरी, रणदा उकील, धीरेंद्र देववर्मन आणि ललितमोहन सेन. चौघेही बंगाली परंपरेतले. मुंबईत संतापाची लाट आली. समीक्षक कन्हैयालाल वकील यांनी या निवडीवर लेखणी परजली. निवड समितीत कोण होतं, का होतं, मुंबईचा एकही कसा नाही, हे सगळे प्रश्न तेव्हाच विचारून झाले. पंचवीस वर्षांनी तेच प्रश्न नव्या लेटरहेडवर आले, इतकंच.

या चौघांपैकी रणदा उकील यांचं घराणं लक्षात ठेवण्याजोगं आहे. शारदा, बरदा आणि रणदा हे तीन भाऊ. दिल्लीला १९२८ मध्ये ‘ऑल इंडिया फाइन आर्ट्स अँड क्राफ्ट्स सोसायटी’ निघाली त्यामागे उकील बंधूंचा हात होता. नाव ‘अखिल भारतीय’, मुक्काम दिल्ली, सरकार दरबारी ऊठबस. पुढे राष्ट्रीय अकादमी स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले सचिव झाले बरदा उकील.

अकादमीची औपचारिक कुळकथा सुरू होते १९४५ मध्ये. बंगालच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने ब्रिटिश सरकारला सुचवलं की एक राष्ट्रीय सांस्कृतिक न्यास काढून त्याच्या छत्राखाली तीन अकादम्या असाव्यात. एक साहित्याची, एक नृत्य-नाट्य-संगीताची आणि एक कला व वास्तुशास्त्राची. सत्तांतरात कागद मागे पडले. पण स्वतंत्र भारताच्या शिक्षण खात्याने ते पुन्हा वर काढले. १९४९ मध्ये कलकत्त्याला कलाविषयक परिषद भरली, तिने अकादमीची शिफारस केली. न्यासाची कल्पना तेवढी गळाली आणि तीन अकादम्या सुट्या-सुट्या जन्मल्या. संगीत नाटक अकादमी १९५३ च्या जानेवारीत, साहित्य अकादमी १९५४ च्या मार्चमध्ये. धाकटी ललित कला अकादमी ५ ऑगस्ट १९५४ ला. उद्घाटन शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी केलं. परंपरा जपायची, आजच्या कलावंतांच्या कामाने ती वाढवायची आणि लोकांची अभिरुची घडवायची, अशी तिहेरी जबाबदारी त्यांनी तिच्यावर टाकली. तिसरी जबाबदारी कुठल्याही सरकारी कार्यालयाला पेलणारी नव्हे, पण तो काळच तसा होता. अवघ्या चार महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयही उघडलं होतं.

अकादमी सरकारची, पण सरकारी खातं नव्हे, असा मोठा नाजूक तोल साधायचा होता. १९५७ च्या मार्चमध्ये तिची १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंद झाली. पैसा सरकारचा, कारभार सर्वसाधारण सभेचा. या सभेत राज्यांचे प्रतिनिधी, नामवंत कलावंत आणि मान्यताप्राप्त कलासंस्थांनी पाठवलेले सदस्य. हा शेवटचा प्रकार पुढे डोकेदुखी ठरला, कारण ज्या जुन्या सोसायट्यांना कंटाळून तरुण चित्रकारांनी स्वतःचे गट काढले होते, त्याच सोसायट्या इथे मागच्या दाराने येऊन बसल्या. पहिले अध्यक्ष झाले शिल्पकार देवीप्रसाद रायचौधुरी. बंगालचे, पण १९२९ पासून मद्रासच्या कलाशाळेचे प्रमुख. मरीना किनाऱ्यावरचं ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प आणि पाटण्याचं हुतात्मा स्मारक ही त्यांचीच कामं. ताकदीचा माणूस, पण आधुनिकांच्या बाजूचा म्हणावा असा नव्हे.

म्हणूनच पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनाचा निकाल आजही नवल वाटावं असा आहे.

१९५५ च्या त्या प्रदर्शनात मकबूल फिदा हुसेन यांच्या ‘जमीन’ला पहिलं बक्षीस मिळालं. पंढरपुरात जन्मलेला, इंदूरला वाढलेला, मुंबईत फूटपाथवर परातीएवढ्या रंगाच्या डब्यांनी सिनेमाचे बोर्ड रंगवलेला हा माणूस. १९४७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या बक्षिसाने तो लोकांच्या नजरेत आला, आणि सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह गटात गेला. ‘जमीन’ हे चित्र जवळजवळ अठरा फूट लांब आणि उंचीला जेमतेम तीन फूट. त्याच्यासमोर एका जागी उभं राहून ते दिसतच नाही. चालत जावं लागतं, शेताच्या बांधावरून जावं तसं. कप्प्याकप्प्यांतून बैल येतो, चाक येतं, बायका येतात, आणि कप्पे एकमेकांशी गोष्ट सांगितल्यासारखे जोडले जात नाहीत, नुसते शेजारी बसतात. रंग मातीचे, रेघ जाड आणि निश्चयी. बोर्ड रंगवणाऱ्याला लांबीची भीती नसते, हे या चित्रात कळतं. आज ते जयपूर हाउसच्या संग्रहात आहे.

त्याच वर्षी नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या ‘काटा’ या चित्रालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बेंद्रेही इंदूरचेच. तिथे दत्तात्रय देवळालीकरांनी काढलेल्या कलाशाळेचे विद्यार्थी, आणि तेव्हा बडोद्याला नव्या कलाशाखेत शिकवत होते. पायातला काटा काढण्याएवढा साधा विषय, पण मांडणी घनवादाशी ओळख सांगणारी. देवळालीकर मास्तरांच्या इंदूरच्या त्या शाळेचा हुसेन यांनाही काही काळ लाभ झाला होता. एका मराठी मास्तरच्या वर्गातली दोन पोरं पहिल्याच राष्ट्रीय प्रदर्शनात मानकरी ठरली, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणी सांगत नाही.

अकादमीचा सर्वोच्च सन्मान मात्र वेगळा होता. फेलोशिप किंवा रत्नसदस्यत्व हे एखाद्या चित्राला नव्हे, आयुष्यभराच्या कामाला. पहिलं १९५५ मध्ये जामिनी राय यांना, दुसरं १९५६ मध्ये नंदलाल बोस यांना. म्हणजे पाटावर बसायचा मान बंगालला आणि ताटातलं बक्षीस मुंबई-बडोद्याला. असं कुणी बैठकीत ठरवलं असेल असं नाही, पण ठरवूनही याहून चतुर वाटणी झाली नसती. साठच्या दशकात महाराष्ट्राच्या वाट्यालाही हा मान आला. अलिबागजवळच्या सासवन्याचे विनायक पांडुरंग करमरकर, ज्यांनी १९२८ मध्ये पुण्याचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा घडवला, ते फेलो झाले.

पुढची काही वर्षं याद्या वाचल्या की आधुनिक भारतीय चित्रकलेची हजेरीच घेतल्यासारखं वाटतं. रामकुमार, सतीश गुजराल, बिरेन डे, सोमनाथ होर. मुंबईत स्थायिक झालेले कट्टिंगेरी कृष्ण हेब्बर १९५६, ५७ आणि ५८ असे लागोपाठ तीनदा मानकरी. मडगावच्या लक्ष्मण पै यांना पहिला पुरस्कार मिळाला १९६१ मध्ये. त्याच सालच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. तरुणपणी गोव्याच्या लढ्यात पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्लेला, नंतर दहा वर्षं पॅरिसला राहिलेला हा चित्रकार १९६३ आणि १९७२ मध्ये पुन्हा पुरस्कारांच्या यादीत आला. नंतर दहा वर्षं तो पणजीच्या कला महाविद्यालयाचा प्राचार्य होता.

इथे या पुरस्काराची एक तऱ्हा सांगायला हवी. साहित्य अकादमीचं पारितोषिक पुस्तक छापून झाल्यावर घरी चालत येई; लेखकाने अर्ज करायचा नसे. ललित कलेचा राष्ट्रीय पुरस्कार प्रदर्शनात काम पाठवणाऱ्यालाच मिळतो. म्हणजे नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या चित्रकाराने आधी चौकट करायची, सुताराकडून लाकडी पेटी ठोकून घ्यायची, रेल्वे पार्सलने दिल्लीला पाठवायची आणि वाट बघायची. चित्र नाकारलं गेलं तर पेटी परत येणार, तीही कोपरे झिजून. शिल्पकाराचे हाल तर विचारूच नयेत. परिणाम असा झाला की नाव झालेली माणसं हळूहळू चित्रं पाठवेनाशी झाली आणि परीक्षकांच्या खुर्च्यांवर दिसू लागली. राष्ट्रीय प्रदर्शन तरुणांचं झालं, आणि त्यांचं नशीब कालच्या मानकऱ्यांच्या हातात गेलं.

१९६१ मध्ये, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीला, तिन्ही अकादम्यांना दिल्लीत एक घर मिळालं. रवींद्र भवनाचे वास्तुकार हबीब रहमान कलकत्त्याचे, अमेरिकेत एमआयटीत शिकलेले. बराकपूरला त्यांनी बांधलेला गांधी घाट पंडित नेहरूंना आवडला आणि ते दिल्लीला आले. रवींद्र भवनाचा त्यांचा पहिला आराखडा सरळसोट आधुनिक पेटीसारखा होता. नेहरूंनी तो नापसंत केला. ठाकुरांच्या नावाची इमारत अशी रूक्ष कशी, असा त्यांचा आक्षेप. रहमान यांनी सगळं नव्याने काढलं: दगडी भिंती, पुढे आलेले छज्जे, जाळ्या, आणि प्रदर्शनाचं दालन कचेऱ्यांपासून वेगळं. परीक्षकाची भूमिका खुद्द पंतप्रधानांनी बजावल्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग, आणि निकाल बरोबर होता असं इमारत पाहिल्यावर म्हणावं लागतं.

सचिवपदी आता बरदा उकील यांच्या जागी भवेशचंद्र सान्याल आले होते. फाळणीत लाहोर सोडून आलेला हा चित्रकार-शिल्पकार. उकील बंधूंच्या सोसायटीशी पटेना म्हणून १९४९ मध्ये ‘दिल्ली शिल्पी चक्र’ काढणाऱ्यांतला तो एक. त्याच्या जोडीला बेळगावहून जे. जे. मार्गे दिल्लीत पोचलेले कृष्णा श्यामराव कुलकर्णी होते. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध बंड केलं त्यांच्याच खुर्चीत दहा वर्षांनी सान्याल बसले. त्यांनी ती १९६९ पर्यंत सांभाळली, आणि पुढे शंभरी ओलांडून जगले.

रवींद्र भवनाच्या दालनात १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये बारा चित्रकार-शिल्पकारांनी एक प्रदर्शन भरवलं. नाव ‘ग्रुप १८९०’. आकडा ऐकून कुणाला ऐतिहासिक सालाचा भास होईल. प्रत्यक्षात तो भावनगरच्या ज्या घरात गट स्थापन झाला त्या घराचा नंबर. जगदीश स्वामिनाथन म्होरके, जेराम पटेल, हिम्मत शाह, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख सोबतीला, आणि अकोल्याचे आंबादास खोब्रागडे. ते स्वतःला नुसतं आंबादास म्हणवत. उद्घाटनाला नेहरू, पुस्तिकेला प्रस्तावना मेक्सिकोचे राजदूत आणि कवी ऑक्टाव्हियो पाझ यांची. गटाचा जाहीरनामा प्रोग्रेसिव्हांसह सगळ्यांवर तुटून पडणारा होता. प्रदर्शनानंतर गट विरला. आंबादास पुढे नॉर्वेला गेले आणि ओस्लोत राहून रंगांचे ते वळसे-लाटा काढत राहिले. गट विरला तरी त्याच्यातली दोन-तीन माणसं अकादमीला पुरून उरणार होती.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अध्यक्ष झाले इंग्रजी कादंबरीकार मुल्कराज आनंद. मुंबईहून ‘मार्ग’ हे कलेला वाहिलेलं देखणं नियतकालिक ते १९४६ पासून काढत होते. दांडगा उत्साह, दांडग्या ओळखी आणि ऐकून घेण्याची सवय बेताची. व्हेनिस आणि साव पावलोसारखं जगाचं प्रदर्शन दिल्लीत भरवायचं त्यांनी मनावर घेतलं आणि १९६८ मध्ये पहिलं ट्रिएनाले, म्हणजे त्रैवार्षिक प्रदर्शन, भरवून दाखवलं. भारतीयांपैकी तय्यब मेहता यांना सुवर्णपदक मिळालं. अलिप्त राष्ट्रांच्या राजकारणाला शोभेल अशी ही कल्पना होती, आणि दिल्लीच्या विद्यार्थ्यांनी परदेशी चित्रं पहिल्यांदा पुस्तकाबाहेर पाहिली ती अशाच प्रदर्शनांत.

पण असंतोष आत धुमसत होता. सर्वसाधारण सभेत चित्र न काढणारे किती, वर्षानुवर्षं तीच तीच नावं का, परदेशी प्रदर्शनांना काम कुणाचं जातं आणि ते कोण ठरवतं. बडोद्याहून गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर ‘वृश्चिक’ नावाचं एक छोटेखानी मासिक काढत. नाव अगदी विचारपूर्वक ठेवलेलं; नांगी अकादमीलाच लागली. शेख, विवान सुंदरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकादमीच्या घटनेत बदल व्हावा म्हणून पत्रकं काढली, सह्या गोळा केल्या, आणि १९७१ च्या दुसऱ्या ट्रिएनालेच्या वेळी बहिष्काराची हाक दिली. आधीच्या दशकांत चित्रकार एकमेकांविरुद्ध भांडत होते, मुंबई विरुद्ध बंगाल, नवे विरुद्ध जुने. आता पहिल्यांदा ते एक होऊन संस्थेविरुद्ध उभे राहिले. एका अर्थाने अकादमीनेच त्यांना राष्ट्रीय केलं होतं.

सरकारने चौकशी बसवली. तिन्ही अकादम्या आणि भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद यांचा आढावा घ्यायला नेमलेल्या समितीचे प्रमुख होते पंजाब उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश गोपाळदास खोसला, गांधीहत्या खटल्याचं अपील ज्यांच्यापुढे चाललं त्या न्यायाधीशांतले एक. कायद्याच्या माणसांचं अकादमीशी जुनंच नातं दिसतं. तिच्या ‘ललित कला’ या प्राचीन कलेच्या नियतकालिकाचे संपादक कार्ल खंडालावाला हे मुंबईचे नामांकित फौजदारी वकील. नानावटी खटल्यात आरोपीची बाजू त्यांनीच मांडली होती. दिवसा उलटतपासणी, रात्री लघुचित्रांच्या घराण्यांचा छडा. अमृता शेर-गिलची कला लवकर ओळखणाऱ्यांतही ते होते. खोसला समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला.

सत्तरच्या दशकात भांडणांखेरीज काही चांगलंही घडलं, आणि ते नोंदवायला हवं. १९७६ मध्ये दक्षिण दिल्लीतल्या एका जुन्या गढीच्या आवारात अकादमीने कलावंतांसाठी कार्यशाळा उघडल्या. शिल्पकार शंखो चौधुरी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. मुद्राचित्रणाचं यंत्र, भट्टी, धातू ओतायची सोय, दगड ठेवायला मोकळं अंगण: एकट्या-दुकट्या कलावंताला जे कधीच परवडलं नसतं ते नाममात्र भाड्याने मिळू लागलं. पुरस्काराने दहा-पंधरा जणांचं वर्षाला भलं होतं. गढीच्या त्या अंगणाने कितीतरी जणांच्या हाताला काम दिलं. मद्रास, कलकत्ता, लखनौ, भुवनेश्वर इथेही प्रादेशिक केंद्रं उभी राहिली. छोट्या, स्वस्त चित्रपुस्तिकांची मालिकाही अकादमीने चालवली. त्यात चित्रकार गायतोंड्यांवरची पुस्तिका १९८३ मध्ये आली, लेखक आपले ज्ञानेश्वर नाडकर्णी.

त्याच १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला प्रभाकर बरवे यांच्या ‘निळा ढग’ या चित्राला. बरवे रायगड जिल्ह्यातल्या नागावचे, जे. जे. चे, आणि पोटासाठी सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी करणारे. त्या नोकरीतच काही वर्षं बनारसला राहून त्यांनी तांत्रिक प्रतिमा पाहिल्या आणि नंतर सोडूनही दिल्या. कॅनव्हासवर ते इनॅमल वापरत, घराच्या खिडक्या-दारांना लावतात तोच चकचकीत रंग. घड्याळ, पान, शंख, ढग या ओळखीच्या वस्तू एकमेकींपासून अंतर राखून, जणू एकमेकींना चुकून भेटल्यासारख्या. चित्रासमोर उभं राहिलं की मधल्या मोकळ्या जागेकडेच लक्ष जातं. हाच विचार बरव्यांनी मराठीत ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात मांडला, आणि चित्रकाराने इतक्या नेमक्या मराठीत लिहिलेली पुस्तकं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. परीक्षकांना शिव्या घालण्याची रीत असली तरी त्या वर्षीच्या परीक्षकांना इथे रामराम घालायला हरकत नाही.

बहिष्काराच्या त्या चळवळीच्या रेट्यामुळे कलावंतांना अकादमीच्या सभेवर स्वतःचे प्रतिनिधी मतदानाने निवडून देण्याचा हक्क मिळाला. मागणी न्याय्य होती. पण मतदान आलं की मतदारयादी येते, यादी आली की नावनोंदणी येते, आणि नावनोंदणी आली की गठ्ठा मतं येतात. चित्रकाराचं मत चित्राऐवजी प्रांताला पडू लागलं. १९८८ मध्ये सरकारने आणखी एक उच्चाधिकार समिती नेमली, अध्यक्ष पी. एन. हक्सर. १९९० च्या तिच्या अहवालाने ललित कला अकादमीवर कडक ताशेरे ओढले, आणि हा निवडणुकीचा प्रकार बंद करावा असंही सुचवलं. वीस वर्षांपूर्वी ज्या गोष्टीसाठी बहिष्कार घातला, तीच रोगाचं मूळ ठरली.

यानंतरची हकिकत भराभर सांगता येते. ट्रिएनाले अडखळत चालू राहिलं. अकरावं २००५ मध्ये झालं, ते शेवटचं. तोवर कलेचा बाजार लिलावघरांत गेला होता. तय्यब मेहतांच्या ‘महिषासुर’ला २००५ मध्येच न्यूयॉर्कला दहा लाख डॉलरच्या वर किंमत आली, आणि मग अकादमीच्या पुरस्काराची रक्कम काय हे विचारण्यात अर्थ उरला नाही. २०१२ मध्ये कोचीला बिएनाले सुरू झालं, तेही कलावंतांच्या पुढाकाराने. २०१५ च्या एप्रिलमध्ये कारभारातल्या अनियमिततांचं कारण देऊन केंद्रीय संस्कृती मंत्रालयाने अकादमीचा ताबा स्वतःकडे घेतला. तीन वर्षांनी पूर्णवेळ अध्यक्ष नेमले गेले ते मुंबईचे शिल्पकार उत्तम पाचारणे. २०१८ मध्येच अकादमीने मुद्राचित्रांचं पहिलं बिएनाले भरवलं. राष्ट्रीय प्रदर्शन अजूनही भरतं, आणि कोल्हापूर-नागपूरच्या पोरांना त्यात निवड होण्याचं अप्रूप अजूनही आहे. फक्त लाकडी पेटीआधी आता छायाचित्र जातं.

राहता राहिली ती नॉर्थ ब्लॉकची छतं. ‘प्री द दिल्ली’ कुणालाच मिळालं नाही, पण ज्यांना ते मिळायचं होतं त्या मुंबईच्या पोरांनी रंगवलेली चित्रं तिथे जवळजवळ शंभर वर्षं होती, आणि त्यांच्याखाली बसून अधिकारी फायलींवर सह्या करत होते. सामान्य माणसाला तिथे पास काढल्याशिवाय प्रवेश नव्हता. आता नॉर्थ आणि साउथ ब्लॉक रिकामे करून तिथे ‘युगे युगीन भारत’ हे राष्ट्रीय संग्रहालय करायचं ठरलं आहे. ते उघडलं की तिकीट काढून आत जाता येईल आणि मान वर करून धुरंधरांचं आणि सॉलोमन यांच्या विद्यार्थ्यांचं काम पाहता येईल.